फोटोखालची ओळ

४ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. वडीलधाऱ्यांना पत्रात साष्टांग घालायची पद्धत आहे, पण माझी कंबर हल्ली धरते. हात जोडण्यावर भागवून घ्या. आई बरी आहे. दुकानही चालू आहे. बाबांचे ब्रश डब्यात तसेच उभे आहेत आणि पाट्यांची अक्षरं आता मशीन कापतं. लोकांना सगळंच आजच्या आज हवं असतं.

तुमच्या आजारपणाचं कळलं. उजवी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत आहे, असं मामी म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. तुमचं बोलणं गेलं असतं तर क्लबाचं केवढं नुकसान झालं असतं!

तुमचं दुकान विकल्यापासून तुम्ही सभांना फिरकला नाहीत, म्हणून थोडी खबरबात. बसथांब्यावरचा बाक सभासदांनी स्वतः रंगवला. ‘रंग ओला आहे’ ही पाटी लावायचं काम खजिनदारांकडे होतं. ते पाटी हातात घेऊन त्याच बाकावर टेकले. त्यांची पँट अजून हिरवी आहे आणि ते कुणालाही दोष देत नाहीत, एवढं एक बरं. शाळेत पाण्याचे नळ बसवले, ते चक्क चालतात. जुने चष्मे गोळा करायचं काम डेंटिस्टबाईंनी अंगावर घेतलंय, आणि आजाऱ्यांना वस्तू उसन्या द्यायचं साहित्यघर, म्हणजे तुमचं लाडकं बाळ, ते माझ्याकडे आहे. कुबड्या, वॉकर, पलंग, व्हीलचेअर. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

आता मुद्द्यावर येते. मामींचा फोन आला होता. “अगं, अंधार पडला की मागच्या दाराने एक व्हीलचेअर पाठवून दे ना. आता विकत आणायची ऐपत राहिली नाही, आणि क्लबातली मंडळी बघतील या विचाराने यांना झोप नाही.”

व्हीलचेअर आहे, मामा. पुसून, चाकांना तेल घालून ठेवली आहे. पण मागच्या दाराने कशी देऊ? नियम तुमचाच. वस्तू घेणाऱ्याने क्लबाच्या फलकाखाली पदाधिकाऱ्यांबरोबर फोटो काढून घ्यायचा, तो वार्तापत्रात छापायचा, मोठा करून हॉलमध्ये लावायचा. “त्याशिवाय सेवा लोकांना दिसणार कशी?” हे तुम्ही भर सभेत म्हणाला होतात. बाबांनाही तुम्हीच समजावलं होतं, “फोटोला लाज कसली, दाजी? दोन मिनिटांचं काम.”

तेव्हा रविवारी सकाळी हॉलवर या. इस्त्रीचा शर्ट घाला, फोटोत चांगला दिसतो. उचलून आणायला दोन माणसं पाठवीन, त्याची काळजी नको.

तुमची भाची,
साहित्यघर प्रमुख


११ नोव्हेंबर

मामा,

रविवारी मी हॉलवर बसून राहिले. तुम्ही आला नाहीत. संध्याकाळी मामींनी तुमची चिठ्ठी आणून दिली आणि चहासुद्धा न घेता गेल्या. डाव्या हाताने तुम्ही बरं लिहिता की. “ठमे, एवढं तरी करू नकोस. मी या क्लबाचा अध्यक्ष होतो.”

बाबा कोण होते, मामा?

ज्या फलकाखाली उभं राहून तुम्ही वर्षानुवर्षं हार घालून घेतलेत, तो फलक कुणी रंगवला होता? तुम्ही नुसतं म्हणालात, “दाजी, क्लबासाठी एक कापडी फलक हवाय,” आणि त्या माणसाने हातातली कामं बाजूला ठेवली. मी तेव्हा शाळेत होते. फरशीवर कापड पसरलेलं आणि बाबा गुडघ्यांवर सरकत सरकत एकेक अक्षर भरत होते. आम्हाला घरात भिंतीच्या कडेकडेने चालावं लागायचं. बिल त्यांनी दिलं नाही. मेहुण्याला कसलं बिल, म्हणाले.

मग साखरेने त्यांचा पाय गेला. व्हीलचेअर त्यांनी मागितली नव्हती. तुम्ही स्वतः घरी आलात आणि आपल्याच क्लबाची आहे म्हणालात. घरचंच काहीतरी आहे असं समजून बाबा दाढी करून, पांढरा शर्ट घालून हॉलवर आले. तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलंत, मागे हात ठेवून उभे राहिलात. बाबांनी मान वर करून फलक बघितला आणि फोटोग्राफरला म्हणाले, “जरा मागे सरकून घ्या, अक्षरं पूर्ण येऊ देत.” एवढीच त्यांची चिंता. मी दाराशी उभी होते आणि मला हसू आलं होतं.

पुढच्या वार्तापत्रात फोटो आला. अक्षरं पूर्ण आली होती. खाली ओळ होती, ‘एका गरजू लाभार्थ्यास व्हीलचेअर प्रदान करताना मा. अध्यक्ष.’ त्या ओळीत ना त्यांचं नाव होतं, ना नातं. अध्यक्षांचा सख्खा मेहुणा क्लबाची खुर्ची घेतो हे बरं दिसलं नसतं, म्हणून तुम्ही तुमच्या बहिणीच्या नवऱ्याला लाभार्थी करून टाकलंत. तोच फोटो मोठा करून हॉलच्या दारासमोर लावलात. पाटी रंगवायला आलेलं गिऱ्हाईक बाबांना म्हणालं, “तुम्हीच का हो ते?” बाबा म्हणाले, “नाही.”

त्या दिवसापासून ते खुर्चीत बसले नाहीत. ती घडी घालून दारामागे ठेवली. घरात भिंत धरून एका पायावर चालायचे. बोळातल्या भिंतीवर त्यांच्या तळव्यांचा काळपट पट्टा आहे, आई अजून तिथे रंग लावू देत नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ते मी लिहिणार नाही.

सगळ्यांना वाटतं, मी क्लबात सेवेसाठी आले. मी तुमच्यासाठी आले, मामा. साहित्यघराचं काम कुणालाच नको होतं, धूळ आणि कटकट. मी हात वर केला. तुम्हालाही कधीतरी काहीतरी लागेल, वॉकर नाहीतर निदान एक काठी, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्या दारात यावं लागेल, एवढ्या एका आशेवर मी दर रविवारी कुबड्यांची रबरं बदलत बसले. तुम्ही थेट व्हीलचेअरच मागितलीत. माझ्या मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू.

आई म्हणते, जाऊ दे गं, भाऊ आहे माझा. मी म्हटलं, भाऊ तुझा आहे.

नियम तो नियम. रविवारी वाट बघते.

ठमी


२० नोव्हेंबर

मामा,

हे पत्र टेम्पोवाल्याबरोबर पाठवते आहे. आईला दाखवलेलं नाही.

काल मामी फोनवर रडत होत्या. तुम्ही भिंत धरून एकटेच बाथरूमला निघालात आणि दारातच पडलात. कोपर सोलवटलं, बाकी थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. मामींना तुम्हाला उचलता येईना. शेजारचा इस्त्रीवाला धावत येईपर्यंत तुम्ही ओल्या फरशीवर पडून होतात.

ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. चांगलाच झाला. फोन ठेवला, स्वतःसाठी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले. कारण बाबा असेच पडले होते. भिंत धरून निघाले, बाथरूमच्या दारात हात निसटला आणि डोकं नळावर आदळलं. व्हीलचेअर दारामागे घडी घालून उभी होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. हे लिहायचं मी तुमच्यासाठी टाळत नव्हते.

आता ऐका. तुमचा तो नियम केव्हाच गेलाय. साहित्यघर हातात आलं त्याच महिन्यात मी तो रद्द करून घेतला. कुणी विरोधही केला नाही, खजिनदार तर म्हणाले, “सुटलो!” आता कुणाचाही फोटो काढत नाही. वस्तू घरपोच जाते, हवी तर अंधार पडल्यावर, हवी तर मागच्या दाराने. मामींचा पहिला फोन आला त्याच दिवशी मी खुर्ची पाठवू शकत होते. त्यांना एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी बोलले नाही. हॉलवर ना फलक लावला होता, ना फोटोग्राफर बोलावला होता. कुलूप काढून मी एकटीच बसले होते.

तुम्हाला बंद दाराआड, लाजेने, भिंतीकडे बघत बसवायचं होतं मला. तुम्ही बसलात. माफी मागत नाही, कारण मला वाईट वाटलेलं नाही. फक्त तुम्ही बाथरूममध्ये पडून मरावं असं मला नको आहे. त्या मरणावर तुमचा हक्क नाही.

टेम्पोतली खुर्ची बाबांचीच आहे. मी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. फोटोनंतर बाबा तिच्यात थोडेच दिवस बसले, तेव्हा नवीकोरीच म्हणायची. बरं वाटेल तेव्हा परत करा, नाही वाटलं तर राहू द्या. कुणालाही कळणार नाही.

बरोबर एक फ्रेम पाठवली आहे. हॉलमधला तो फोटो. खालची ओळ मी ब्लेडने खरवडून काढली. तिथे काय लिहायचं ते मशीनला सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं. जागा कोरी ठेवली आहे. आता तुम्हाला डाव्या हाताने लिहिता येतं, आणि हा माणूस तुमचा कोण होता हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

टेम्पोवाल्याकडे खिळा आणि हातोडी दिली आहे. फ्रेम तुमच्या खोलीत लागेल, खुर्चीत बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर. मामींना आधी विचारलं. म्हणाल्या, “लाव गं. यांना आता दिवसभर दुसरं काम तरी काय आहे?”

बसा, मामा. आणि बघा, अक्षरं पूर्ण आली आहेत.

एका गरजू लाभार्थ्याची मुलगी