गोब्र्याच्या पोटात

अब्बा, इथे गोब्र्याला हामूर म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही माझ्याआधी जेद्दाला आलात. मी इथल्या मासळी बाजारात मासे साफ करतो, अकरा वर्षं झाली. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी खवलं काढतो, पोट फाडतो, आतलं सगळं बादलीत टाकतो. पोटाची पिशवी मात्र दोन महिन्यांपूर्वीपर्यंत कधी उघडून बघितली नाही. तुम्ही शिकवलेल्यातलं हे एवढंच मी सोडून दिलं होतं, आणि का सोडलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आपल्या घराच्या मागच्या दारी तुम्ही गोणपाट पसरून बसला आहात. मी आठ वर्षांचा. खडपातून गळाने पकडून आणलेला गोब्रा तुमच्यासमोर आडवा पडलाय, आणि तुम्ही त्याची पिशवी उघडून आतलं एकेक गोणपाटावर मांडताय. कोळंबी, दोन खेकडे, एक अख्खा मासा, डोळ्यांसकट. एक खेकडा अजून नांगी हलवत होता. मी मागे सरकलो तर तुम्ही हसलात. गोब्रा चावून खात नाही, तुम्ही सांगितलंत, कपारीत गप्प बसतो, जवळ काही आलं की तोंड उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो. लहान असताना खेकडे-कोळंबी, मोठा झाला की मासे, आणि भूक अनावर झाली की आपल्याच जातीची पिल्लं. मग माझं बोट धरून त्याच्या तोंडात घातलंत. दात सगळे आतल्या बाजूला वळलेले. बोट आत सहज गेलं, बाहेर काढताना मात्र टोचलं. आज त्याच्या पोटात जे निघेल तेच उद्या गळाला लावायचं, ही तुमची रीत. एकदा हे काम मला दिलंत. मला किळस आली, मी पिशवी न उघडताच रिकामी आहे म्हणून सांगितलं. तुम्ही ती केराच्या टोपलीतून काढून आणलीत, माझ्यासमोर फाडलीत, आतून मूठभर खेकडे निघाले. मारलं नाहीत. "बघितल्याशिवाय रिकामं म्हणू नको," एवढंच म्हणालात, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

गळाला लावायची शिशाची वजनं तुम्ही घरीच ओतायचात. थंड झाली की प्रत्येकावर दाताने चावून खूण करायचात. समोरचा एक दात पडलेला, त्यामुळे तुमच्या खुणेत मधे जागा सुटायची. शेजारी चेष्टा करायचे, हा माणूस शिसंही चाखून बघतो म्हणून.

मग तुम्ही इथे आलात, व्हिसा देणाऱ्या कफीलच्या छोट्या बोटीवर कामाला. आणि एका सकाळी ती बोट प्रवाळाच्या कड्याजवळ सापडली. दोऱ्या नीट गुंडाळलेल्या, डब्यातली भाकरी अर्धी खाल्लेली. तुम्ही नव्हतात. एकवीस वर्षं झाली. अम्मीने त्या दिवसापासून घरात गोब्रा आणू दिला नाही. का, ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, पण ताटात दुसरा मासा आला तरी पहिला घास घेताना आम्ही सगळेच जरा थांबायचो. दर शुक्रवारी ती फोनवर माझी तब्येत विचारते आणि शेवटी म्हणते, "तिथे काही कळलं का रे?" मी नाही म्हणतो. तिला आशा आहे की भीती, हे मला अजून कळलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठातली एक मुलगी आली, अबाया आणि वर रबरी हातमोजे. हामूर काय खातो याचा ती अभ्यास करते. पिशव्या फेकू नकोस, माझ्यासमोर उघड, म्हणाली. नाही म्हणायला कारण सुचेना. ती सांगू लागली, हा पहाटे आणि संध्याकाळी शिकार करतो, मोठा झाला की खाणं बदलतं. आणि मला तुमचं गोणपाट आठवत राहिलं. पिशवी रिकामी निघाली की ती विचारते, "फादी?" मी "फादी" म्हणतो, ती वहीत रिकामी असं लिहिते. खरं सांगतो अब्बा, मला ते काम आवडायला लागलं होतं.

परवाच्या बुधवारी एक हामूर आला, माझ्या कमरेएवढा. त्याच कड्याजवळ लागला, असं बोटवाला म्हणाला. मुलगी दुसऱ्या टेबलाशी मोजमाप करत होती. मी पिशवीला चीर दिली, बोटं आत घातली आणि शिसं हाताला लागलं. झिजलेलं, काळं. वर दातांची खूण, आणि मधे सुटलेली जागा. बाजारात बर्फ फोडण्याचा आवाज चालला होता, तो मला ऐकू येईना. मी अंगठा त्या खुणेवर ठेवला.

तळाला पडलेलं शिसं एखाद्या खेकड्यासोबत गिळलं असेल. गळ तुटून शिसं रोज हरवतं, जिवंत माणसाचंही हरवतं. एकवीस वर्षांत दुसरं काही उरत नाही, एवढं मलाही कळतं.

आज शुक्रवार. अम्मीने विचारलं, मी नेहमीसारखं नाही म्हणालो. शिसं माझ्या उशाखाली आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा तेही तिथेच राहील. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं. त्या पिशवीत शिशाच्या मागे आणखी काहीतरी होतं. टणक, लहान. खेकड्याची नांगी असेल. मी ते बाहेर काढलं नाही. पिशवी मिटली, बादलीत टाकली, वर बर्फ ओतला. मुलीने मान वर करून विचारलं, "फादी?"

मी हो म्हणालो, अब्बा. न बघता.