खोलीचा गिलावा

६ मार्च
पोरी, येऊन आठवडा झाला तरी वहीला हात लावला नाही, रागावू नकोस. कामच नवं. कारखान्यांनी टाकलेली राख आणि लाल गाळ मातीत मळायचा, गोळ्या वळायच्या, भट्टीत भाजायच्या. त्यांतून घाणेरडा वायू सोडला की घाण बारीक भोकांत अडकते, वायू स्वच्छ होऊन निघतो. माझं काम गोळ्या चाळायचं. राहायला खोली दिलीय, तिला त्याच मातीचा गिलावा. हवा अशी की माझा खोकला पळाला! तुझ्या दम्याला हेच औषध. खोलीतून फोन करून तुला ये म्हणालो ते अगदी मनापासून. तुझ्या दम्याचं ऐकल्यापासून मालकीणबाईही रोज विचारतात, मुलगी कधी येणार?

९ मार्च
पण रोज का विचारतात? मी मेला शंकेखोर, तुझी आई म्हणायचीच. जेवणाला चव लागत नाही, साबणाला वास येत नाही. भट्टीवाला म्हणतो, काका, आता जिभेलाही पेन्शन द्या. खोलीत येऊन आठवलं तसा हसलो. हसू ऐकूच आलं नाही.

१२ मार्च
भरलेल्या गोळ्या पुन्हा तापवल्या की अडकलेलं सगळं सोडतात, मग परत वापरता येतात. आज भट्टीवाल्याने शेजारच्या रिकाम्या खोलीचा गिलावा खरवडून भट्टीत टाकला. भट्टीतून कुणी म्हातारा खोकला. सूनबाई, पाणी दे, म्हणाला. भट्टीवाला मान खाली घालून म्हणाला, आधीचे चाळणवाले काका. ते तर घरी गेले असं मला सांगितलं होतं! माणूस मुरलेली माती सगळ्यात जास्त घाण ओढते, म्हणे. त्यात दम्याचा ओढून घेतलेला श्वास असला तर — एवढं बोलून भट्टीत लाकूड सारायला वळला.

१३ मार्च
खोलीत पाऊल टाकलं नाही. अंगणात बसून आहे. तरी आवाज बसतच चाललाय. फाटकाला कुलूप. फोन बाईंनी नेला, दुरुस्तीला म्हणून. चांगला चालत होता —

१४ मार्च
आवाज गेला. तोंड उघडतो, नुसती हवा.

माझ्या खोलीच्या भिंती खरवडल्यात. भट्टी पेटलीय. बाई भट्टीच्या तोंडाशी माझा फोन धरून उभ्या. आतून मी बोलतोय — ये पोरी, हवा छान आहे, ये —

तो मी नाही. ऐकू नकोस. भट्टीवाला वही पोचवतो म्हणतो, त्याचाही भरवसा — पण दुसरं कोण आहे. गाडी पाठवतील, बसू नकोस. घरीच आहेस ना? तेवढं कळव, लगेच कळव, पोरी, निघाली नाहीस एवढंच क—