ट्रकच्या ब्रेकची धूळ कोणत्या गावाच्या नावे धरावी, याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
सागरी धूळ तपासणी प्रकल्प, रत्नागिरी.

विषय : समुद्रावर सापडलेल्या तांब्याच्या धुळीवरचा सोनगीरचा हक्क रद्द करून बोट पुन्हा पाठवणेबाबत.
संदर्भ : आपल्या संशोधक प्रज्ञाताई यांनी माझ्या घराच्या धाब्यावर (छतावर) उभं राहून सांगितलेला निकाल.

महोदय,

अर्जदार भटू पंडित महाजन, राहणार असोदा, जि. जळगाव, खालीलप्रमाणे गाऱ्हाणं मांडतो.

१. मागच्या थंडीत प्रज्ञाताईंनी माझ्या धाब्यावर धूळ पकडायचं यंत्र बसवलं. त्यांनी समजावलं, की एकाच धातूचे अणू काही हलके, काही जड असतात. भट्टीचा, चुलीचा, गाडीचा, ज्याचा त्याचा मेळ वेगळा. तो बघून समुद्रावरची धूळ कुठून आली ते ओळखता येतं. हे ऐकून शेजारचे अभिमननाना, सोनगीरचे तांबट, मुलीकडे राहायला आलेले, ओट्यावरून म्हणाले, "आमना तांबाना धूर समिंदरमा जास. तुमना भरीतना धूर गल्लीना बाहेर जात नही." मी तिथेच पैज लावली. ज्याच्या गावाची खूण समुद्रावर निघेल तो जिंकला. हरेल त्याने बाजाराच्या दिवशी स्टँडवर बसून दुसऱ्याच्या घरचे बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे हंडे चिंचेने घासायचे.

२. साहेब, मी कसूर केली नाही. थंडीभर यंत्राला खेटून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. गल्ली खोकली, पण तक्रार कोणाची नाही, कारण भरीत सगळ्यांनीच खाल्लं. फक्त माझ्या मिसेस रुक्माबाई यांच्या तिथेच वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या काळ्या झाल्या. त्यांनी केलेली तक्रार सरकारी कागदावर लिहिण्यासारखी नाही.

३. निकाल आला. समुद्रावर भरीताची खूण नाही. तांबं सापडलं, पण त्याचा मेळ तांबटाच्या भट्टीशी नाही, ट्रकच्या ब्रेकशी जुळला. म्हणजे दोघंही हरलो. पण नाना उठून म्हणाले, की मुंबई-आग्रा रस्ता सोनगीरवरून जातो, ट्रक तिथे ब्रेक मारतात, म्हणजे तांबं सोनगीरचंच. असं गाव सांगता येत नाही, हे प्रज्ञाताई बोलेपर्यंत गल्लीने नानांना हार घातलासुद्धा.

४. तरी विनंती, की ट्रक पंजाबचे, माल गुजरातचा, सोनगीरने दिला तो फक्त स्पीडब्रेकर, हे लेखी कळवावे. तसेच समुद्रावरची धूळ गोळा करायला आपली बोट चैत्रात गेली, तेव्हा वांगी जरड झालेली असतात. बोट मार्गशीर्षात पाठवावी. वाराही तेव्हा समुद्राकडे जातो. काड्या मी आत्तापासून रचून ठेवल्या आहेत.

५. तोवर पैज ती पैज. आज सकाळपासून मी स्टँडवर हंडे घासतो आहे आणि हा अर्ज समाधान रिक्षावाल्याला तोंडी सांगून लिहवून घेत आहे. नाना खुर्ची टाकून बसलेत, डाग राहिला की काठीने दाखवतात. लोकं फोटो काढताहेत. मघाशी एसटीतून उतरलेल्या एका अक्कांनी पुढ्यात कळशी ठेवून विचारलं, "एकीचे किती घेता?" मीही भाव सांगून टाकला. आता लाईन लागली आहे. पण नाना निम्मा वाटा मागतात. म्हणतात, हंडे सोनगीरचे, म्हणजे गिऱ्हाईकही सोनगीरचंच.

साहेब, निकाल जरा लवकर द्या.

आपला नम्र,
भटू पंडित महाजन
(हात चिंचेत असल्याने सहीऐवजी अंगठा)

असोदा स्टँड, रविवार, दि. ८ जून २०२५