आई तुझ्याकडे आहे

प्रिय चिमणे,

गेल्या महिन्यात आम्ही सगळे शहराबाहेर जेवायला गेलो होतो, त्याचा हिशेब आधी सांगतो. पेट्रोल, पाच पानं, मुलांचं सरबत, सगळं मिळून माझ्या धाकट्याच्या बुटांएवढंही झालं नाही. पण त्या जेवणापायी आई घरातून गेली. घाबरू नकोस, धडधाकट आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्तच. फक्त घरात नाही.

फरशा बसवता बसवता मी ठेकेदार झालो, घर बांधलं, आणि स्वयंपाकघरात पांढराशुभ्र ओटा घातला. त्यावर हळद सांडली की डाग जात नाही. म्हणून तुझी वहिनी गोडीत म्हणायची, आई, तुम्ही बसा, करायला बाई आहे ना. आई बसली. मी चारचौघांत सांगायचो, माझ्या घरात आईला इकडची काडी तिकडे करावी लागत नाही. लोक माना डोलवायचे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या ठिकाणाचं सध्या फार नाव आहे. शेतातलं घर, चुलीवरचं जुन्या पद्धतीचं जेवण, मालकीण स्वतः वाढते. वहिनी पानांचे फोटो काढत होती, मुलं नाकं मुरडत होती. पहिल्याच घासाला माझी जीभ सुटली. मालकिणीला म्हटलं, बरंय हो, पण आमची आई डोळे मिटून याहून सरस करते. तीही खट. म्हणाली, "मग नुसतं बोलता काय साहेब, पाठवा की आत! आज माझी एक बाई आली नाहीये." सगळे हसले. मीच म्हणालो, जा गं आई, दाखव यांना. आई अर्ध्या पानावरून उठली. घरी तिचे गुडघे दुखतात. तिथे मात्र ती अशी चटकन उठली की मी बघतच राहिलो.

हात धुवायला मागे गेलो. माझे कान तुला ठाऊक आहेत, फरशीवर टिचकी मारली तरी खालची पोकळी कळते. भिंतीपलीकडे आई कुणाला तरी दटावत होती, "सरक, फोडणी जाळशील!" बायका खिदळत होत्या. एकीने विचारलं, घरी सगळं तुम्हीच करता का हो आजी? आई म्हणाली, "घरी? घरी मी पाहुणी गं. जरा मीठ बघता का, एवढंसुद्धा कुणी विचारत नाही." आवाजात रडं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. रडली असती तर समजूत तरी घातली असती. मी नळ मोठा सोडला.

निघताना आई गाडीत बसेना. मालकीणबाईंचं अडलंय, चार दिवस राहते, म्हणाली. वहिनीचा चेहरा उतरला. मी हसून म्हटलं, राहू दे, हौस फिटेल. माझं तोंड बघितल्याशिवाय तिला करमतंय होय? येईल आपणहून. आठवडा झाला तशी गाडी काढली. ती बाहेरही आली नाही. हात पिठात आहेत, असा निरोप आला. मालकीण म्हणाली, आलाच आहात तर जेवून जा. जेवलो, गिऱ्हाईकासारखे पैसे दिले. चव पहिल्यापेक्षा सरस होती, तेवढं कबूल करतो.

आता मुद्द्याचं. शेजारी विचारतात, कामावरची माणसं विचारतात, आई कुठे? माझी आई दुसऱ्याच्या चुलीपुढे पगारावर उभी आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? सगळ्यांना सांगतो, लेकीकडे गेलीय. परवा मामालाही तेच सांगितलं, आणि तो आता तुला फोन करणार आहे. आंघोळीला गेलीय म्हण, डोळा लागलाय म्हण, पण आई तुझ्याकडे आहे असंच सांग. माझ्यासाठी एवढं कर. पुढचं मी बघतो. सोमवारी तिला सुट्टी असते. तिकडची बस आपल्या कोपऱ्यावरच थांबते. काल तिसरा सोमवार गेला.

तुझाच,
दादा