सहीची शाई

वृद्धाश्रम, कुरिंगा
२ ऑगस्ट

माननीय खासदार श्री. लॉइड हेन्चके यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या नव्वदाव्या वाढदिवसाचं आपलं अभिनंदनपत्र पोचलं. 'प्रिय श्रीमती हेन्चके, आपण या मतदारसंघाची शान आहात, माझं दार आपल्यासाठी सदैव उघडं आहे,' असं आपण लिहिता. वाचून ऊर भरून आला. ते दार नेमकं कुठल्या वारी उघडं असतं, तेवढं कळवावं. मी आपली आई आहे, हे आपल्या कचेरीला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अरे गाढवा, एक फोन तरी करायचास! आमच्या बेरिल ट्रेगोवनने अंगठा जिभेला लावून तुझ्या सहीवर घासला. शाई ढिम्म हलली नाही. छापील आहे, असं तिने चहाच्या वेळी सगळ्यांदेखत जाहीर केलं. तू डावखुरा, तुझी सही लहानपणापासून तुझ्याच हाताखाली पसरते, हे मी तिला सांगत बसले नाही.

आता मतदार म्हणून लिहिते. तुमच्या सरकारचा नवा कायदा झाला की आमच्यासारखे छोटे आश्रम बंद होणार म्हणे. आम्ही चौदाच जणं. मला दीडशे किलोमीटरवर नेऊन टाकतील. तुझे बाबा इथे चर्चमागे आहेत. दर रविवारी मी काठी टेकत त्यांच्यापाशी जाऊन बसते. तिथून कशी येणार रे? मला भीती वाटते, लॉइड.

ऑगस्टात कॅनबेराला थंडी फार असते, लोकरी बनियन घाल.

आपली नम्र मतदार आणि तुझी आई,
हेडविग


कॅनबेरा
१२ ऑगस्ट

ति. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र माझी टपाल उघडणारी मदतनीस जॅनेल हिने सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं. आधी हसली, मग रडायलाच लागली. वाढदिवसाची पत्रं यंत्रातून निघतात, मी यादीसुद्धा बघत नाही. चूक यंत्राची नाही, माझी आहे. फार लाज वाटली गं.

माझा आठवडा ऐक. शनिवारी मेंढ्यांच्या प्रदर्शनात बक्षिसं वाटली. रविवारी एकाचा पेन्शनचा फॉर्म भरून दिला, दुसऱ्याच्या शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार ऐकली. सोमवारी तीन तास गाडी, मग विमान. काल शाळेच्या मुलांना सभागृह दाखवलं, तर एका मुलीने विचारलं, तुम्ही इतके मागे का बसता?

आज मंत्र्यांना लिफ्टमध्ये गाठून तुमच्या आश्रमाचं सांगितलं. हो हो, बघतो की, म्हणाले, आणि उतरताना मला लेन म्हणून हाक मारली. प्रतोदाने तर स्पष्टच सांगितलं, की विधेयक चार मतांनी पास होतंय, तू आपल्या बाकावर गप्प बस, नाहीतर पुढच्या वेळी तिकीट विसर.

बावीस वर्षं गप्पच बसलोय, आई. खरंच दमलोय. भांडता येत नाही असं नाही, पण सवय गेली.

परवा दुपारी मला बोलायला नव्वद सेकंद मिळणार आहेत. तुझ्या वयाच्या हिशेबाने वर्षाला एक सेकंद. तुझं पत्र वाचणार आहे. हे जलद टपालाने पाठवतोय, रेडिओ लावून ठेव. त्यानंतर मतदान आहे. तेव्हा मी काय करेन, माझं मलाच ठाऊक नाही.

बेरिलबाईंना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लॉइड


कॅनबेरा
१४ ऑगस्ट

प्रिय श्रीमती हेन्चके,
सा. न. वि. वि.

आपल्या २ ऑगस्टच्या पत्राबाबत. मतदानाची घंटा चार मिनिटं वाजते. त्यातली तीन मी बाकावर बसून काढली. मग उठलो आणि समोर विरोधकांच्या बाजूला जाऊन बसलो, म्हणजे विधेयकाविरुद्ध मत दिलं. आमच्या बाजूचं कुणी माझ्याकडे बघेना.

विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. आश्रम नाताळापूर्वी बंद होईल. आपलं काम माझ्याकडून झालं नाही. मला क्षमा करा.

हे पत्र यंत्राने लिहिलेलं नाही.

आपला,
लॉइड


वृद्धाश्रम, कुरिंगा
१९ ऑगस्ट

चि. लॉइड यास,
अनेक आशीर्वाद.

रेडिओ आम्ही दिवाणखान्यात लावला होता. 'मला भीती वाटते' इथवर तू आलास आणि अध्यक्षांनी वेळ संपली म्हणून तुला खाली बसवलं. मेल्याला दोन सेकंद थांबता आलं नाही! मग बेरिलच मोठ्याने 'लॉइड' म्हणाली, टपालात टाकण्याआधी माझं पत्र तिने वाचलं होतं ना. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बहिऱ्या ऑटोनेसुद्धा वाजवल्या.

तुझं पत्र आलं. बेरिलने अंगठा ओला करून सहीवर घासला, आणि शाई पसरली! मग काय, चौदाही जणांना खात्री करून घ्यायची होती. आता त्या कागदावर तुझं नाव उरलेलं नाही, निळा डाग तेवढा आहे. तो मी तुझ्या बाबांच्या फोटोमागे ठेवलाय.

हरलास त्याचं मला वाईट वाटतंच. इथून जाताना मी रडणार आहे, तेव्हा मला समजवायला येऊ नकोस. सामान न्यायला मात्र कचेरीतलं कुणी पाठवू नकोस, तूच ये.

तिकीट तर गेलंच तुझं. निवडणुकीनंतर रविवारी मोकळाच असशील. दीडशे किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास. दर रविवारी मला बाबांकडे न्यायचं. माझ्यासाठी दार सदैव उघडं आहे म्हणाला होतास ना? मग गाडीचं उघड.

जेवत जा वेळेवर. माझा लोभ आहे तसाच आहे, तुझाही राहू दे.

तुझी,
आई