अर्ध्याहून जास्त विमान

आदरणीय दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, त्यामुळे जोड जरा तिरकी झाली आहे, भाव सरळ समजावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं पाठीचं औषध बदललं हे ऐकून बरं वाटलं. आधीच्या औषधाने त्या दुपारभर झोपायच्या आणि चहा तुम्हाला करावा लागायचा, असं तुमच्या बहिणीकडून कळलं होतं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. विमानही खुशाल आहे, आणि त्याचा तर सरकारी दाखला आहे.

सात वर्षांपूर्वी मी गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढून आत विमान बांधायला घेतलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की हे काही उडायचं नाही, पण निदान माणूस घरात तरी राहील. राहिलो. आता पुढचं ऐका. घरी बांधलेल्या विमानाला परवाना हवा असेल तर विमान खात्याची मुख्य अट अशी, की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी, शिकण्यासाठी नाहीतर मौजेसाठी केलेलं असावं आणि ते सिद्ध करता यावं. (सरकारने मौजेचा पुरावा मागितलेला मी जन्मात प्रथमच पाहिला.) मी पडलो छापखान्यातला मुद्रितशोधक, कागदपत्रांत कसा मागे राहीन? रोजची नोंदवही ठेवली. तिच्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवा आणि माझी मिशी उतरवा. शिवाय प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला, एकूण चारशे बारा. घात केला तो ह्या फोटोंनीच.

झालं असं, की फोटो काढायचा म्हणजे कोणीतरी काम करताना दिसायला हवं, आणि कॅमेरा तर माझ्या हातात. मग मी म्हणायचो, "जरा हा पाना धर." तुमची बहीण धरायची. मी कोन शोधायचो, उजेड बघायचो, चष्मा पुसायचो. तोवर हिचा तो बोल्ट आवळून व्हायचा आणि ही पुढच्या बोल्टला लागलेली असायची. पंखांचं कापड तर सगळं हिनेच शिवलं. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. पंखाच्या प्रत्येक फासळीला दोन बोटांच्या अंतराने गाठ, आणि एकेक गाठ अशी की मापायला पट्टी लावावी तर पट्टीच चुकीची वाटावी. मी त्या गाठींचे फार सुरेख फोटो काढले.

परवान्याच्या तपासणीला खात्याचे निरीक्षक आले. बारीक, शांत माणूस. बोलणं कमी आणि टॉर्च मोठा. त्यांनी आधी विमान पाहिलं, मग फोटो. चारशे बारा फोटोंत तुमची बहीण. दोन फोटोंच्या कोपऱ्यात माझा अंगठा.

"नाकावरच्या पंख्याचे बोल्ट किती जोराने आवळलेत?" त्यांनी मला विचारलं.

"चांगले घट्ट," मी म्हणालो.

हिने मागून आकडा सांगितला, एककासकट. मग पुढचे सगळे प्रश्न तिकडेच वळले. मी चहा ठेवायला आत गेलो.

विमानाला परवाना मिळाला, दादा! पण त्याच्यासोबत आणखी एक दाखला असतो. दरवर्षी विमान सगळं उघडून तपासायचं आणि 'उडायला ठीक' म्हणून सही करायची, हा हक्क ज्याने ते बांधलं अशा एकाच माणसाला मिळतो. मालकाने पाना हवा तितका फिरवावा, सही करू नये. हा दाखला तुमच्या बहिणीच्या नावाने आला. सात वर्षं मी माझं माझं म्हणत होतो, त्या विमानाचा मी कायद्याने छायाचित्रकार निघालो.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? तीन दिवस मी कामापुरतंच बोललो. चौथ्या दिवशी ही बाजारात गेली असताना मनात आलं, आपल्यालाही काही कळतं की! म्हणून शेपटीच्या सुकाणूची तार जराशी ताणायला घेतली. नट सोडला, तार ताणली, नट पुन्हा आवळला आणि हात धुऊन मोकळा झालो. वहीत नोंद केली नाही. (वहीत चूक नको म्हणून नोंदच नाही, मुद्रितशोधकाची ही जात.)

आमच्या ओळखीचे एक निवृत्त वैमानिक आहेत, त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. पहिले चाळीस तास विमान त्यांनी एकट्याने उडवायचं, प्रवासी घ्यायचा नाही, असा नियम. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी गावाबाहेरच्या धावपट्टीवर कॅप्टन हातमोजे चढवून उभे, आणि ही म्हणाली, "थांबा, एकदा सगळं उघडून बघते." शेपटीचं झाकण काढलं आणि तिथेच थांबली. नटातून आरपार जाणारी पिन नव्हती, जी नट सुटू देत नाही ती. दादा, तो नट हवेत सुटला असता तर कॅप्टनना विमान वळवताच आलं नसतं.

"हे कोणी उघडलं होतं?" तिने विचारलं.

उंदीर म्हणावं असं क्षणभर वाटलं, पण उंदराला पाना धरता येत नाही. मी कबूल केलं. ती रागावेल म्हणून मान खाली घालून उभा राहिलो, तर तिने डबीतून नवी पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "लाव. मी बघते." मी लावली, आणि तेव्हाच हा अंगठा सोलला. तिने टॉर्चने पाहिलं, वहीत लिहिलं, माझं नाव 'काम करणारा' म्हणून घातलं आणि खाली स्वतःची सही केली. कॅप्टन उडाले. विमान सरळ वर गेलं, डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं आणि परत आलं. मला रडू आलं. त्या दिवसापासून मी नुसता झाकणाचा स्क्रू फिरवला तरी लिहितो आणि तिला दाखवतो. फोटो आता ती काढते.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
काम करणारा

ता. क. कॅप्टननी रोज उडून पंधरा दिवसांत चाळीस तास पुरे केले. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पहिला प्रवासी बसायचा आहे. तो मान तुमचा, असं मला मनापासून वाटतं. आदल्या दिवशीच या. हिला सांगू नका की मी बोलावलं.

ता. ता. क. खरं सांगतो. मला उंचीची भीती वाटते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गरगरतं. हे बांधायला घेताना उडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

दादा, ह्यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. तू ये, पण बघायला ये. जागा ह्यांचीच आहे. काल कॅप्टननी ह्यांना शेजारी बसवून इंजिन चालू केलं आणि विमान जमिनीवरूनच धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. जाताना ह्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. येताना उघडे होते.