अक्काच्या हातावरचं गोंदण

प्रिय अक्का,

तू गेलीस तरी तुझ्याशी बोलणं काही थांबलं नाही. तू मधे तोंड घालत नाहीस, एवढाच फरक. आजचं बोलणं नात लिहून घेतेय, मला कुठं अक्षर येतंय? मी 'हाय' म्हटलं की स्नेहल 'आहे' लिहिते. लिहू दे. तुला तरी कुठं वाचता येत होतं?

आजच का, तर तुझा हात सापडेना म्हणून.

स्नेहलला चित्रकलेच्या कॉलेजात आपल्या भागातली कला शोधून आणायला सांगितलीय. बाकीची पोरं देवळं आणि चादरी बघायला गेली. ही माझा हात धरून बसली. "आज्जी, हे गोंदण कुणी काढलं गं?"

"याच हातानं तुला भरवलं, तवा दिसलं न्हाय व्हय?"

पण माझा हात अर्धाच. कुंभारीच्या बाजारात गोंदणारीनं सुया टोचल्या, आणि मोराची शेपटी यायच्या आत मी पळाले. तू मात्र मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून घेतलास, डोळ्यातून टिपूस काढला नाहीस. घरी येईस्तोवर मला चिडवत होतीस, "बिनशेपटीच्या मोराला नवरा कोण देणार?" मिळाला की. त्याचंही काही ना काही अर्धंच असायचं.

मी स्नेहलला म्हटलं, खरी कला अक्काच्या हातावर होती. फोटो शोधले. लग्नातले, बारशातले, सगळे. प्रत्येक फोटोत पदर मनगटापर्यंत ओढलेला. दुधनीला तुझ्या घरी लेकाच्या हापिसातली माणसं आली की तू असाच ओढायचीस. लाज कशाची वाटली गं? आता पोरं दुकानात जाऊन गोंदून घेतात आणि बिनबाह्यांचे कपडे घालून दाखवत फिरतात.

कागदावरचं चित्र असतं तर कपाटात राहिलं असतं. हे तुझ्याबरोबर मातीत गेलं. आपल्या रीतीनं तुला खड्ड्यात बसवून माती लोटली, तेव्हा मी तुझं तोंडच बघत राहिले. हात बघायचं सुचलंच नाही.

मग मी आठवून सांगत गेले, ती काढत गेली. मनगटावर तुळस, वर पाळणा, त्याच्यावर मोर, शेपटीसकट. कोपरापाशी मात्र काही केल्या आठवेना. स्नेहल म्हणाली, "तिथं बऱ्याच बायकांच्या विंचू असतो, तोच काढते." मी तिची पेन्सिल धरली. तो हात दुसऱ्याच बाईचा झाला असता.

शेवटी तुझ्या लेकाला फोन लावला, तर उचलला तुझ्या सुनेनं. तीच महादेवी, जिची भाकरी जाड, आवाज मोठा आणि अंगात माया म्हणून नाही, असं तू मला दर फोनवर सांगायचीस. मीही हूं हूं करायची.

विचारल्याबरोबर म्हणाली, "बेलाचं पान होतं की, मावशी. देठ आतल्या अंगाला. तिथली कातडी लई पातळ झाल्ती. अंघोळ घालताना तितं मी हात लावत नव्हते, नुसतं पाणी सोडायची." सासू म्हणून तुला ती अजून अत्तेच म्हणते. म्हणाली, "मला लई आवडायचं ते पान. पण अत्ते हात ओढून घ्यायच्या."

शेवटचं वर्षभर तू अंथरुणावर होतीस. रोज तिनं तुला असं न्हाऊ घातलं. तुला कळत होतं का गं? कळत होतं, तर मला एकदा तरी सांगायचं होतंस.

स्नेहलनं पान काढलं आणि कागदावर तुझा हात आला. मी पदर तोंडाला लावला. तिनं बघितलं आणि पेन्सिलीला टोक काढत बसली. शहाणी आहे.

महादेवीला आई नाही. पंचमीला तिला माहेरपणाला माझ्याकडं बोलावलंय. "बघू" म्हणाली. मी सोडते होय? आणीनच, आणि चार दिवस चुलीपाशी फिरकू देणार नाही. तू तिचं कौतुक करायचीस, असं खोटं मात्र सांगणार नाही. तू केलं नव्हतंस. पण तिच्याविषयी वाकडा शब्द आता माझ्या तोंडून निघायचा नाही, हा माझा शब्द. तिकडं कुणापाशी तिची गाऱ्हाणी सांगत बसली असशील, तर तू पण थांब.

तुझी धाकटी,
नीलव्वा